एक प्रिंटर घेण्याची कैफियत

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, हुजुरांच्या सहीने निघणारे हुकूम निघेनासे झाले, कारभारी पेन्शनीत गेले. परंतु बैठक घालून एखाद्या प्रश्नाचा कीस पाडण्याची जी दरबारी हौस या गावाच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती, ती विलीनीकरणाच्या कोणत्याही कलमात नमूद नसल्यामुळे आजतागायत शाबूत राहिली आहे. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात पावसाचे मान आणि पाण्याचा टँकर हे बारमाही विषय खरे. पण गतवर्षी येथील एका सहकारी पतसंस्थेने असा ठराव केला की, ‘संस्थेच्या कामकाजाकरिता उत्तम, टिकाऊ व माफक किमतीचा एक संगणक व एक प्रिंटर खरेदी करण्यात यावा’, आणि त्या तीन विशेषणांनी गावाची जी शांतता भंग केली ती निवडणुकीच्या हंगामातही सहसा होत नाही. ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा होता. सर्वांचे एकमत झाल्याचा या प्रकरणातील तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

खरेदी ठरविण्यासाठी भरलेल्या सभेस मला तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आले. माझी पात्रता एवढीच की, नोकरीनिमित्त माझे आयुष्य पुण्यात गेले असून मला जाड भिंगांचा चष्मा आहे. अध्यक्ष आबांनी माझी ओळख ‘हे कॉम्प्युटरमधले’ अशी करून दिली, आणि सभेतल्या प्रत्येकाने मला विचारण्याऐवजी मला सांगण्यास प्रारंभ केला. तज्ज्ञाचे कर्तव्य ऐकणे हे आहे, ही गोष्ट औंधात फार पूर्वीपासून सर्वमान्य असावी.

प्रथम संगणकाचा प्रश्न निघाला. त्यात दोन पंथ होते. एक ‘ब्रँडेड’वाल्यांचा आणि दुसरा ‘असेंबल’वाल्यांचा, आणि या दोन पंथांतील वाद द्वैत-अद्वैताइतकाच जुना व तितकाच अनिर्णीत असल्याचे मला लौकरच कळून आले. ब्रँडेडवाल्यांचे म्हणणे असे की, डेल, लेनोव्हो, एचपी किंवा एसर असे एखादे घरंदाज नाव डब्यावर असले म्हणजे उद्या जाब विचारायला जागा राहते. असेंबलवाले म्हणत की, डबा उघडा आणि पाहा. आत प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, हार्ड डिस्क सीगेटची किंवा वेस्टर्न डिजिटलची, ती जशी पुण्याच्या बाजारातून सुटी आणता येते तशीच त्या घरंदाज डब्यातही बसलेली असते. मग नामरूपाचा भेद तेवढा राहिला, आणि त्या नामरूपासाठी जास्तीचे पैसे मोजणे ही शुद्ध माया होय. सभेतील एका निवृत्त गुरुजींना हा युक्तिवाद इतका पटला की, त्यांनी तत्काळ विरुद्ध पक्ष स्वीकारला. कारण जिचा प्रतिवाद करता येत नाही अशी बाजू घेण्यात त्यांना आयुष्यात कधी रस वाटलेला नाही.

गुरुजींनी स्वदेशीचा मुद्दा काढला. एकेकाळी कचेरीकचेरीत एचसीएल, विप्रो आणि झेनिथ यांचे संगणक दिसत, ते कोठे गेले, असा त्यांचा सवाल होता. आणि स्वदेशीचे गेले म्हणून विलायती तरी जागेवर आहेत काय, तर तेही नाही, कारण आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा संसार २००५ साली चिनी लेनोव्होच्या स्वाधीन केला, कॉम्पॅक २००२ साली एचपीच्या पोटात गेली, आणि सॅमसंगने आपले प्रिंटरखाते २०१७ साली त्याच एचपीस विकून टाकले. अर्थात, आपण ज्या नावावर भरवसा ठेवून पैसे मोजावेत ते नाव हमीची मुदत संपेपर्यंत त्याच घराण्यात नांदेल याची हमी कोण देणार? संस्थाने विलीन होताना पाहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून मोठ्या राजवटींच्या अस्थैर्याच्या कथा ऐकत वाढलेल्या त्या सभेवर या प्रश्नाचा गंभीर परिणाम झाला. कोणीतरी चहा मागविला.

चहा येईपर्यंत गुरुजी किर्लोस्करांवर आले. औंधात कोणत्याही यंत्राची गोष्ट निघाली की ती किर्लोस्करांवर यावयाचीच, आणि त्यात गैर काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर बनविला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्याला दोन वर्षे हातही लावीनात. पुढे बेळगावातून कारखाना हलविण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात कुंडलजवळ निवडुंगाने माजलेला माळ त्यांना देऊ केला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. “राजानं काय कोटेशन मागवली व्हती का?” गुरुजींनी विचारले. “माणूस पारखला!” बाळासाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते, त्यांना माणसाच्या पाठीचा कणा पाहूनच पुष्कळसे समजत असावे. सांप्रतच्या सहकारी कारभारात पाठीचा कणा तपासण्याची तरतूद नाही, तीन कोटेशने मागविण्याची आहे. म्हणून सभा पुन्हा मूळ विषयाकडे वळली.

संगणकाचे काय ठरले ते येथेच सांगून टाकतो, कारण त्यात फारसा रस नाही: जो आला तो आला, चालतो आहे, आणि बिघडतो तेव्हा बहुधा यूपीएसची बॅटरी गेलेली असते, ज्याचा कंपनीशी सुतराम संबंध नाही. खटाव तालुक्यातील विजेचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय ‘संगणक खराब आहे’ या सदराखाली येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या टंकाच्या असतात. एकाने कृतीदेवमध्ये लिहिलेला ठराव दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की ‘मान्यवर’ या शब्दाच्या जागी पाली, पैशाची आणि पहाडी यांच्या मिश्रणासारखे काहीतरी उमटते, आणि दोष मात्र डब्यावरील नावास लागतो. ज्या गावात पंडित सातवळेकरांनी खिळे जुळवून वेदसंहिता छापल्या, अनुदात्त-स्वरिताची एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच गावात आज ‘कर्जदार’ या शब्दावरील रफार शाबूत उतरला म्हणजे व्यवस्थापक समाधानाचा सुस्कारा टाकतात. कालाय तस्मै नमः.

खरे रण माजले ते प्रिंटरवरून.

संस्थेचे वयोवृद्ध कॅशियर नाना डॉट मॅट्रिक्सच्या बाजूचे. मद्रासच्या टीव्हीएस कंपनीचा जो प्रिंटर त्यांनी उमेदीच्या काळात वापरला त्याच्याविषयी ते एखाद्या दिवंगत सुहृदासारखे बोलतात. या यंत्राची रचना अशी की, नऊ किंवा चोवीस बारीक सुया शाईच्या फितीवर ठोके मारीत कागदावर अक्षर उमटवितात, आणि ठोका असल्यामुळे खाली कार्बन घातला तर एकाच वेळी तीन प्रती निघतात. लेझर आणि शाईचे प्रिंटर कितीही सुंदर छापोत, कार्बनची प्रत त्यांच्याच्याने निघणे नाही, म्हणूनच साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून गोदामाच्या पावतीपर्यंत जेथे जेथे एक प्रत तुला, एक मला आणि एक दप्तरी असा व्यवहार आहे, तेथे तेथे तो अजून कर्रकर्र करीत उभा आहे. पण नानांचा खरा मुद्दा निराळाच होता. “त्याचा आवाज पार वेशीपर्यंत जातो,” ते म्हणाले, “आबांना घरी बसल्या कळतं, बँकेत काम चाललंय.” या मुद्द्याचा विचार आबांनी इतरांपेक्षा अधिक काळ केला, असे मला दिसले.

दुसरा पक्ष लेझरवाल्यांचा. पण त्यातही एचपीवाले आणि कॅननवाले अशी दुफळी होती, आणि तीत जे कडवेपण होते ते फक्त सख्ख्या भाऊबंदांत आढळते. एचपीवाल्यांत एक संस्थेचे तरुण संचालक होते. ज्या जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना मंजूर केली, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेत पालो आल्टो गावच्या एका मोटारखान्यात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोघांनी भागीदारी थाटली आणि नाव कोणाचे आधी लावावे हे नाणे उडवून ठरविले, ही माहिती त्यांनी अशा आवेशाने सांगितली की, जणू दोन्ही घटनांना साक्षीदार तेच होते. कॅननवाल्यांनी त्यावर विचारले की, नाणेफेकीवर चालणाऱ्या कंपनीचा भरवसा काय? तेव्हा तज्ज्ञ म्हणून मला तोंड उघडणे भाग पडले, आणि मी सभेस निवेदन केले की, १९८४ साली एचपीने पहिला लेझरजेट बाजारात आणला तेव्हाही त्याच्या पोटातील छपाईचे यंत्र कॅननचेच होते. पुढेही ही सोयरीक टिकली. आणि आपल्याकडील दुकानादुकानातून वर्षानुवर्षे राबणारे जे दोन छोटे प्रिंटर, एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००, त्यांपैकी एकाचे ‘१२ए’ आणि दुसऱ्याचे ‘३०३’ हे कार्ट्रिज नावाने भिन्न असले तरी एकमेकांच्या जागी बिनतक्रार बसते. सभेत शांतता पसरली. दोन्ही पक्षांनी माझ्याकडे असे पाहिले की, वाटणीच्या दाव्यात ऐन वेळी दोघांचा बाप एकच असल्याचे मी उघड केले असावे.

तिसरा पक्ष शाईच्या टाकीवाल्यांचा. यांचा इतिहास बोधप्रद आहे. शाईचे रंगीत प्रिंटर विकणाऱ्या कंपन्यांनी फार दिवस असा क्रम ठेविला होता की, यंत्र जवळजवळ फुकटात द्यावे आणि शाईच्या इवल्याशा डबीची किंमत अशी लावावी की गिऱ्हाइकाने जन्मभर वसूल देत राहावे. म्हणजे म्हैस बक्षीस, पण पेंड सावकाराच्याच दुकानातून घ्यायची, अशी ही तजवीज. लोकही काही कमी नव्हते. इंडोनेशियातल्या दुकानदारांनी प्रिंटरच्या बाहेर शाईच्या बाटल्या टांगल्या, नळ्या आत सोडल्या आणि सावकाराला बगल दिली. तेव्हा एप्सनने २०१० साली त्याच देशात स्वतःच टाकी लावलेला प्रिंटर आणून प्रजेच्या बंडाला हुकमाचे रूप दिले. यंत्र महाग, शाई स्वस्त, बाटली ओतली की हजारो पाने. राज्यकर्त्याने प्रजेपुढे शहाणपणाने माघार घेण्याचा हा प्रकार औंधकरांना अपरिचित नसल्यामुळे या पक्षास बरीच सहानुभूती मिळाली.

परंतु टाकीच्या प्रिंटरला एक खोड असते: तो काही दिवस स्वस्थ बसला, आणि त्यातून खटावचा कोरडा वैशाख असला, की डोक्यातील सूक्ष्म छिद्रांत शाई वाळून बसते, म्हणून आठवड्यातून निदान एक रंगीत पान छापीत राहावे असा जाणत्यांचा सल्ला आहे. गावातील ज्या सेवा केंद्रात असा प्रिंटर आहे तेथील मुलगा दर मंगळवारी यमाईचे एक चित्र छापतो. सुरुवातीस ती चित्रे लोक आदराने घरी नेत. आता देव्हारे भरले आहेत, आणि देवीचे चित्र टाकून देता येत नाही, त्यामुळे मंगळवारी त्या रस्त्याने जाणे लोक टाळतात. बाळासाहेबांनी स्वतः रामायण रंगविले आणि १९१६ साली ते मुंबईस छापविले, तेव्हा रंग हुबेहूब उतरावेत म्हणून त्यांनी जी काळजी वाहिली असेल तिची आठवण या चित्रांकडे पाहून होते. मात्र थोडी वेगळ्या कारणाने, कारण पिवळी शाई संपल्यापासून देवी किंचित निळसर झाली आहे.

सभेत प्रत्येक पक्षाने कंपनीचे छापील माहितीपत्रक आणले होते आणि त्यात एका कार्ट्रिजमध्ये सुमारे २,००० पाने निघतात असे आकडे होते. हे आकडे खोटे नसतात. फक्त त्यामागे असे गृहीत असते की, पानाच्या शेकडा पाच भागावरच शाई पडेल. ज्या लोकांनी हा हिशेब बसविला त्यांच्या लिपीला शिरोरेघ नाही. आमच्याकडे प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर एक काळी पट्टी येते, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात तर प्रत्येक पानावर अध्यक्ष, उपाध्यक्ष व मार्गदर्शक यांच्या छब्या, त्यातही आबांना काळा कोट शोभतो. शेकडा पाचाचे गणित त्या एका कोटात खलास होते.

आता हमी. प्रत्येक माहितीपत्रकात ‘ऑनसाइट वॉरंटी’ होती, म्हणजे यंत्र बिघडले असता कंपनीचा माणूस आपल्या दाराशी येणार. ही कल्पना ऐकण्यास फार मनोहर आहे, पण औंधाच्या बाबतीत तिच्यात एक भौगोलिक व्यंग आहे. पुण्यात औंध नावाचे एक संपन्न उपनगर असून हिंदुस्थानातील यच्चयावत तक्रार-केंद्रांस तेवढेच औंध ठाऊक आहे. आमच्या आळीतील एका गृहस्थांनी एका कंपनीकडे, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, मोफत क्रमांकावर तक्रार नोंदविली. गोड आवाजाच्या मुलीने ‘औंध’ ऐकताच पुढचे काही ऐकून घेतले नाही. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका इंजिनिअरचा फोन आला.

“सर, मी औंधमध्ये आहे. कुठली सोसायटी?”

“सोसायटी? विकास सोसायटी का?”

“नाही सर, बिल्डिंग. फ्लॅट नंबर?”

“फ्लॅट न्हाई, वाडा हाय. देवीच्या डोंगराखाली या.”

“सर, इथे डोंगर दिसत नाही.”

“असं कसं? मान वर करून बघा.”

हा संवाद बराच वेळ चालला. इंजिनिअर बिचारा गाडी घेऊन विद्यापीठाच्या बाजूस डोंगर शोधीत फिरला असे म्हणतात. अखेर कंपनीने ‘ग्राहक पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा मारून तक्रार निकाली काढली, आणि ते गृहस्थ आपल्याच घरात बसून फरारी ठरले. एक काळ असा होता की, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर बंगळूरच्या कारखान्यातून निघून या आडगावी बिनचूक येऊन पोहोचला आणि जाता जाता संस्थानच्या राज्यघटनेच्या मसुद्यासही हातभार लावून गेला. आज पुण्याहून कागद अडकल्याच्या तक्रारीवर इंजिनिअर पोहोचत नाही. दळणवळण सुधारल्याचा हा परिणाम असावा.

ही हकीकत सभेत निघाली आणि वादाचा सगळा नूर पालटला. कोणत्या कंपनीचे यंत्र कमी बिघडते हा प्रश्न सोडून, बिघडल्यावर ते कोण उघडणार, या प्रश्नाकडे सभा वळली; आणि तेथे पक्षभेद राहिलाच नाही, कारण उत्तर एकच होते आणि ते खिडकीतून दिसत होते. एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बापूंचे झेरॉक्सचे दुकान.

बापू हे विज्ञानाचे पदवीधर, पण त्यांचे खरे शिक्षण त्यांच्या दुकानातील फळीवर झाले. मी त्यांना कार्ट्रिज भरताना पाहिले आहे. प्रथम ‘ऐक्य’ वर्तमानपत्राचा जुना अंक पसरतात, कारण नव्या अंकाची शाई टोनरला लागते असा त्यांचा सिद्धान्त आहे. मग कार्ट्रिजच्या बगलेतील बारीक पिना पक्कडीने उपसून त्याचे दोन भाग करतात. हिरवट निळ्या रंगाचा तो चकाकता ड्रम अलगद काढून, उजेडाने खराब होऊ नये म्हणून, काळ्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवितात. वाया गेलेली पूड कागदावर झटकतात, ब्लेडची कड बोटाच्या नखाने चाचपतात, आणि मग कागदाचे नरसाळे करून बाटलीतली नवी पूड आत सोडताना श्वास रोखून धरतात. त्या क्षणी दुकानात कोणी शिंकू नये असा दंडक आहे. सगळे जोडून झाले की कार्ट्रिज कानाशी नेऊन दोनदा हलवितात, आणि पहिले पान काढतात ते नेहमी गिऱ्हाइकाच्याच आधारकार्डाचे. चेहरा ओळखू आला तर काम उत्तम झाले. न आला तरी, सरकारने काढलेल्या मूळ फोटोचा दोष म्हणून, पैसे घेतले जातात.

सभेने बापूंना बोलावून आणले. आबांनी विचारले, “बापू, कंच्या कंपनीचा घ्यावा?” बापूंनी हात पाठीमागे लपवीत, कारण ते कोपरापर्यंत काळे होते, एवढेच सांगितले की, “आबा, ज्याला चिप न्हाई आसला घ्या. ज्याचं मला उघडतंय त्योच चालतोय.” काही कंपन्यांच्या नव्या कार्ट्रिजवर एक इवलीशी चिप असते आणि तिच्या परवानगीवाचून भरलेली पूडही ‘संपली’ असे यंत्र सांगत राहते, ही गोष्ट बापूंनी ज्या दुःखाने सांगितली, त्या दुःखाने लोक फितुरीच्या कथा सांगतात. विश्वासार्हतेची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही माहितीपत्रकात वाचली नव्हती. एचपी आणि कॅनन यांपैकी अखेर कोणते नाव निवडले ते मी सांगणार नाही. ज्यांचा पराभव झाला त्यांना अजून तो मान्य नाही, आणि दोहोंचे कार्ट्रिज तेच. नानांच्या समाधानासाठी पावत्यांकरिता एक जुना डॉट मॅट्रिक्सही कायम ठेवण्यात आला. तो दुपारी सुरू झाला की आबांची वामकुक्षी गाढ होते.

प्रकरण येथे संपले असते. पण वर्षअखेरीस लेखापरीक्षक आले. त्यांनी कोटेशने पाहिली, सर्वांत कमी दराचे कोटेशन पुण्याच्या एका व्यापाऱ्याचे असताना ते का नाकारले, असा आक्षेप नोंदविला, आणि ‘खुलासा करावा’ असा शेरा मारला. व्यवस्थापकांनी खुलासा केला की, सदरहू यंत्राची दुरुस्ती गावातच होते. त्यावर लेखापरीक्षकांनी तसा दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी दाखला सामील करण्यास फर्माविले. बापूंचा स्वतःचा प्रिंटर त्या दिवशी फळीवर उघडा पडलेला असल्यामुळे त्यांनी दाखला हातानेच लिहिला. लिहिताना कागद डाव्या हाताने दाबून धरला होता, त्यामुळे मजकुराखाली टोनरने काळ्या झालेल्या अंगठ्याचा रेषान्‌रेष स्पष्ट ठसा उमटला. आणि सही त्या ठशाखाली झाकली गेल्यामुळे, बी.एस्सी. झालेले बापू सरकारी अहवालाच्या परिशिष्टात ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ म्हणून रीतसर दाखल झाले आहेत.